दोन स्वल्पविराम आणि रात्रपाळीचा भत्ता

कंपन्यांचे इंग्रजी करार सहीला जाण्याआधी त्यांच्यावरून शेवटचा हात फिरवणं हे माझं काम. त्या दिवशीचा करार संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. भत्त्याच्या कलमात वाक्य होतं, ‘द एम्प्लॉईज, हू वर्क द नाइट शिफ्ट, शॅल रिसीव्ह अ‍ॅन अलाउन्स.’

मी तिथेच अडले. ‘एम्प्लॉईज’ आणि ‘शिफ्ट’ या दोघांपुढे स्वल्पविराम असले की मधला मजकूर नुसती जादा माहिती ठरतो. तो गाळला तरी वाक्य उभं राहतं : भत्ता सगळ्यांना. दोन्ही स्वल्पविराम काढले की तोच मजकूर अट होतो, आणि भत्ता फक्त रात्रपाळी करणाऱ्यांना मिळतो.

मसुदा करणाऱ्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, “अहो मॅडम, वाचताना थांबतो तिथे दिलाय.” हे उत्तर ऐकलं की मला राहवत नाही. शाळेतून ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरलेली असते! मोठ्याने वाचायला ती ठीक; पण इंग्रजीत स्वल्पविराम वाक्याच्या रचनेवरून पडतो. कर्ता कितीही लांबलचक असो, वाचताना दम लागो, त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम घालायचा नाही.

मग मी त्यांना अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला सांगितला. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांच्या यादीत शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं, आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे वेगळं काम, की वितरणासाठीचं पॅकिंग? ओव्हरटाइम मागणारे डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

“मग आपण काय ठेवायचं?” वकिलांनी विचारलं. ते ठरवणं माझ्या हातात नव्हतं. व्याकरण दोन्ही अर्थ समोर मांडतं. निवड पैसे देणाऱ्याने करायची. त्यांनी कंपनीकडून विचारून घेतलं. भत्ता रात्रपाळीवाल्यांनाच द्यायचा होता.

दोन्ही स्वल्पविराम काढले आणि एकेक ‘हू’, एकेक ‘विच’ हुडकत अख्खा करार पुन्हा वाचायला घेतला. रजेच्या कलमात नेमका उलटा प्रकार निघाला : मजकूर नुसत्या माहितीचा वाटत होता आणि स्वल्पविराम एकही नव्हता. मी पुन्हा फोन उचलला.