वाडा उतरवण्याआधी मोजून घेतला, म्हणून परत येता आलं

जुन्या नाशकात अजून बरीच कुटुंबं वाड्यात भाड्याने राहतात आणि बऱ्याच जणांना दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही यातून गेलो, सहा वर्षं लागली. मी वकील नाही, गृहिणी आहे आणि घरून शिवणक्लास घेते, पण या सहा वर्षांत जे कागद हाताखालून गेले त्यातलं जे लक्षात राहिलं ते सांगते.

आमचा वाडा तिवंधा चौकातून आत दोन वळणं घेतली की डाव्या हाताला. माझे सासरे १९६८ साली तिथे भाडेकरू म्हणून आले, भाडं बत्तीस रुपये. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तो दिंडी दरवाजा, मधला चौक, सागवानी तुळया, भिंतीतल्या देवळ्या, हे सगळं सिनेमातल्यासारखं वाटलं होतं, मग पहिल्या पावसाळ्यात कळलं की रात्री तीनदा उठून पातेली सरकवावी लागतात. पण खरं सांगते, त्या चौकात माझ्या दोन्ही मुली मोठ्या झाल्या. मी क्लासला असले की धाकटीला कोण ना कोण जेवायला घालायचं, उन्हाळ्यात सगळ्या मिळून कुरडया घालायचो, तांबट आळीकडून ठोक्यांचा आवाज यायचा आणि रंगपंचमीला तिवंध्याची पेशवेकालीन रहाड (जमिनीखालचा रंगाचा हौद) उघडली की आख्खी गल्ली पिवळी होऊन घरी यायची. वर्षभर त्या हौदावरून गाड्या जातात, खाली एवढा मोठा हौद आहे हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. रहाडीत धप्पा (उडी) मारून आलेल्या मुलींना चौकातल्या नळाखाली धुताना वाड्यातल्याच भाडेकरू माईंची बडबड, हे मला अजून ऐकू येतं.

तर २०१९ च्या जूनमध्ये नोटीस आली. तशी ती दरवर्षी यायची, मालक आणि भाडेकरू दोघंही घडी घालून ठेवायचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला, खाली सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी. आमच्याकडे उंचावर असल्यामुळे पुराचं पाणी येत नाही, पण आठ दिवसांच्या संततधारेने मागची मातीची भिंत फुगली आणि पहाटे साडेचारला बसली. त्या खोलीत कोणी नव्हतं. त्या खोलीत माई झोपायच्या, त्या त्याच आठवड्यात लेकीकडे सातपूरला गेल्या होत्या. एवढंच लिहिते त्याबद्दल.

त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट झालं. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ऑडिट करायचं हे कायद्यात आहेच, महापालिका अधिनियमात कलम २६५-ए. पण वाड्यात कोण करतं. ऑडिटमध्ये इमारतीला वर्ग देतात, सी-वन म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची, मग सी-टू-ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती आणि सी-थ्री किरकोळ. आमचा सी-टू-ए आला, मागचा भाग उतरवला, पुढच्याला लोखंडी टेकू लावले. हा वर्ग नीट विचारून घ्या, कारण सी-वन आला की तुमच्या हातात वेळच उरत नाही, नळ आणि लाईट तोडतात आणि बाहेर पडावंच लागतं.

आता त्याच सुमारास एक बिल्डर आला. नाव लिहीत नाही. गोड बोलणारा, पेढे घेऊन आलेला, शंभरच्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र, "वहिनी फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." वाचलं तर क्षेत्रफळाची जागा कोरी, मजला कोरा, किती दिवसात देणार ते कोरं. दोन घरांनी सही केलीसुद्धा. माझ्या सासऱ्यांनी (आम्ही त्यांना दादा म्हणतो) चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, याच्यात माझं घर कुठंय? तिथे तो विषय थांबला. सही केलेल्या दोघांनी नंतर वकिलाकडून नोटीस देऊन संमती मागे घेतली, त्यात त्यांचे चार महिने आणि पैसे गेले.

मग लॉकडाऊन आलं आणि सगळं ठप्प. सहा घरं, दोन दुकानं, टेकू लावलेला वाडा आणि बाहेर जायची सोय नाही. त्या काळात आम्ही सगळे भाडेकरू चौकात अंतर ठेवून बसायचो आणि तेव्हाच ठरलं की वेगवेगळं कोणी बोलायचं नाही, एकच वकील करायचा, फी सगळ्यांनी वाटून. वकीलबाई भेटल्या त्या फार चांगल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या एका निकालाची झेरॉक्स हातात दिली, सांगली-मिरजेकडचंच प्रकरण, त्यात असं आहे की महापालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा फक्त विटामातीचा नसतो, जमीनही त्यात येते. हे ऐकून माई रडल्याच. पण वकीलबाई लगेच म्हणाल्या, हक्क संपत नाही हे खरं, पण वाडा पडल्यावर तुमची खोली किती होती हे दाखवायला भिंतच नसेल, मग कशावरून सांगणार? आत्ता मोजा. हे वाक्य मला इथे सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं.

मग कागद गोळा करणं सुरू झालं. भाडेपावत्या, जुनी लाईटबिलं, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, दुकानवाल्यांचं शॉपअॅक्ट लायसन. इथे दादांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा कामाला आला. झालं असं होतं की १९९४ मध्ये मालकांच्या घरात वाटणीवरून भांडण झालं आणि त्यांनी भाडं घेणंच बंद केलं, तेव्हापासून दादा दर महिन्याला पोस्टात जाऊन बत्तीस रुपयांची मनीऑर्डर करायचे, ती "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत यायची, पुढच्या महिन्यात परत करायचे. पंचवीस वर्षं. आम्ही त्यांना कितीदा म्हटलं असेल की दादा कशाला उन्हातान्हात पोस्टात जाता बत्तीस रुपयांसाठी. त्या सगळ्या पावत्या आणि परत आलेले फॉर्म त्यांनी वर्षावार दोऱ्याने बांधून ठेवले होते आणि माईंच्याही त्यांनीच करून दिल्या होत्या, कारण माईंना लिहिता येत नाही. भाडेनियंत्रण कायद्यात भाडेकरू भाडं द्यायला तयार होता हे दाखवता आलं पाहिजे, थकबाकीदार ठरलात की तुमची बाजू लंगडी पडते. वकीलबाईंनी तो डबा बघितला आणि दादांना हात जोडले.

मालकांच्या बाजूचं सांगायचं तर त्यांचाही त्रास कमी नव्हता, हे मला आधी कळत नव्हतं. वाड्याच्या पुढच्या भागात अण्णा राहतात, थोरल्या घरातले, बाकी चुलतभावंडं पुण्यात, ठाण्यात, एक बहीण इंदूरला. मिळकत पत्रिकेवर नाव पणजोबांचं. म्हणजे तीन पिढ्यांची वारसनोंद करायची, प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मग लांबच्यांचं मुखत्यारपत्र. अण्णा सत्तरीचे, नगर भूमापन कार्यालयाच्या पायऱ्या चढून त्यांचे गुडघे गेले. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले, फाईल धरायला. तोपर्यंत आमच्या दोन घरांत पंचवीस वर्षं नीट बोलणं नव्हतं, ते त्या पायऱ्यांवर सुरू झालं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात ती, आणि गावठाणातल्या वाड्यांचं गणित जरा सुटायला लागलं. त्यात भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतीला भाडेकरूंच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रावर जादा एफएसआय मिळतो, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधता येतं. दुसरा बिल्डर (हा स्वतः इंजिनिअर, लहान कामं करणारा) त्याने अण्णांना हे कागदावर आकडे मांडून दाखवलं की भाडेकरूचं क्षेत्र खरं आणि पूर्ण दाखवलं तर तुमचाच फायदा आहे. म्हणजे इतकी वर्षं मालक आमच्या खोल्या कमी दाखवत होते आणि आम्ही त्यावरून भांडत होतो, त्यात दोघांचंही नुकसान होतं. माझ्या आतेसासूबाईंचा वाडा सराफ बाजाराकडे आहे, तो पूररेषेत येतो, तिथे अजून वेगळं प्रकरण. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदाच्या, तिथे पुनर्बांधणी करायची तर लाल रेषेच्या पातळीच्या वर निदान ०.४५ मीटर उचलून, वर पाटबंधारे खात्याची एनओसी. त्यांचं अजून चालू आहे. तुमचा वाडा नदीकडे असेल तर बिल्डरशी बोलायच्या आधी हे बघा.

मोजणी झाली ऑक्टोबर २०२१ मध्ये, दोन दिवस. आर्किटेक्ट, त्याचा पोरगा टेप धरायला, अण्णा, आणि आम्ही सगळे. मालकांच्या यादीत आमचं घर होतं २४० चौरस फूट, टेपने निघालं ३०२. फरक ओसरीचा आणि भिंतीतून पुढे काढलेल्या मोरीचा. ओसरीवरून खूप ताणलं. अण्णा म्हणायचे ओसरी सामायिक, आम्ही म्हणायचो चाळीस वर्षं आमची चूल तिथे आहे, लाईटचा मीटर तिथे आहे. शेवटी मीटरच्या जागेवरून मिटलं. पोटमाळा मात्र कोणाचाच धरला नाही, त्यावर आम्ही सोडून दिलं, सगळंच धरून बसलं की काहीच हलत नाही. प्रत्येक खोलीचं स्केच, त्यावर लांबी-रुंदी, खाली मालकाची सही, भाडेकरूची सही, आर्किटेक्टचा शिक्का. मी मोबाईलवर सगळा व्हिडिओ काढला, दारातून आत येताना, टेपचा आकडा दिसेल असा. यादीची एक प्रत महापालिकेत आवक-जावकला देऊन पोच घेतली. माईंची पडलेली खोली मोजता येणार नव्हती, तिथे जोत्याचे दगड शिल्लक होते, त्यावरून मोजली. अजून एक पावसाळा गेला असता तर तेही हलले असते.

करारनामा करायला पुढे वर्ष गेलं. इथे एक महत्त्वाचं, आमचा प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा लहान आहे त्यामुळे प्रकल्पाची रेराकडे (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी बंधनकारक नव्हती. जुन्या नाशकातल्या बहुतेक वाड्यांचं असंच असणार. म्हणजे वेबसाईटवर प्रकल्प बघा, तक्रार करा, यातलं काही नाही, जे काय संरक्षण आहे ते तुमच्या नोंदणीकृत करारात. म्हणून आम्ही एकेक ओळ भांडून घातली. फ्लॅट नंबर आणि मजला, मंजूर नकाशाची प्रत करारालाच जोडलेली, कार्पेट एरिया म्हणजे भिंतीच्या आतलं मोकळं क्षेत्र असं शब्दात, घर मालकी हक्काने, दर महिन्याचं भाडं अकरा महिन्यांचे चेक आगाऊ, सामान हलवायचा खर्च, चोवीस महिन्यांची मुदत, उशीर झाला तर भाडं चालूच आणि वर दंड, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी बिल्डरची. आणि बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय चावी द्यायची नाही. बिल्डर यावर जरा नाराज झाला पण ऐकलं त्याने. नोंदणीला दादांचे अंगठ्याचे ठसे मशीनवर उमटेनात, म्हातारपणी रेषा पुसट होतात, तास-दीड तास त्यांना खुर्चीवर बसवून परत परत घेतले. शेवटी आले.

कल्हईवाल्या काकांचं दुकान मात्र अडलं होतं, त्यांना रस्त्याच्या तोंडावरच पाहिजे होतं आणि नकाशात तिथे पार्किंगची वाट आली. गल्लीत गाडी वळत नाही, अग्निशमनचा बंब तर आत येतच नाही, त्यामुळे पुढची जागा सोडणं भागच होतं. शेवटी शिंप्याचं दुकान आणि त्यांचं अदलाबदल झालं, शिंपी काकांनी आपणहून दिलं, म्हणाले माझं गिऱ्हाईक मला शोधत येतं.

रंगपंचमी झाली आणि मार्च २०२३ मध्ये आम्ही बाहेर पडलो. आम्ही सिडकोत भाड्याने, माई लेकीकडे, काका पंचवटीत. वाडा उतरवायला सुरुवात झाली त्या दिवशी दादांनी यायचं नाही असं ठरवलं होतं पण सकाळीच तयार होऊन बसले. मजुरांनी वरून कौलं काढली, मग वासे, मग एकेक तुळई दोराने खाली. लाकूड मालकाचं, ते विकलं गेलं. देवळीतला एक दगड अण्णांनी दादांना दिला, आता आमच्या देवघराखाली आहे.

चोवीसचे सत्तावीस महिने झाले, पण उशिराच्या तीन महिन्यांचं भाडं आणि दंड दोन्ही मिळालं, कारण ते लिहिलेलं होतं. कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला, आल्याशिवाय आम्ही ताबा घेतला नाही. तिसऱ्या मजल्यावर साडेतीनशे फूट, बेडरूम एकच, पण पाऊस आला तर मी झोपलेली असते. माई पहिल्या मजल्यावर आहेत. खर्च वाढलाय हे पण सांगते, नवीन बांधकामाला घरपट्टी नवीन दराने लागते, लिफ्टचा मेंटेनन्स आहे, जिथे बत्तीस रुपये होते तिथे आता महिन्याला दीड-दोन हजार जातात, दोन घरांना ते जड जातंय आणि त्यांच्यासाठी काय करायचं यावर आमचं बोलणं चालू आहे. चौक नाही याची सवय मुलींना झाली, मला नाही. पार्किंगमध्ये संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतो आम्ही बायका, यावर्षी कुरडया गच्चीवर घातल्या.

अपार्टमेंट कायद्याखालचं डीड ऑफ डिक्लरेशन अजून व्हायचंय, त्याशिवाय जमिनीतला आमचा हिस्सा कागदावर येत नाही, आणि बरेच लोक ताबा मिळाला की हे विसरतात. बुधवारी सगळे अण्णांकडे जमणार आहेत, मसुदा वकीलबाईंनी पाठवलाय, दादा तो सकाळपासून वाचतायत.