तोंडाचा वास घ्यायची सवय

यांनी दारू सोडून संक्रांतीला 14 महिने झाले. नातेवाईक म्हणतात सुटलीस बाई. सुटले कुठं, माझी सवय कुठं सुटलीय. हे अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातनं घरी आले की मी पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ जाते आणि वास घेते, धुण्यात टाकायच्या आधी शर्ट नाकाला लावते, घामाचा नाहीतर सुताचाच वास येतो, तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

यांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलेलं तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या की हा आजार घरातल्या सगळ्यांनाच असतो. मला इतका राग आला, पिणार हे आणि आजारी मी? मग ए.ए. (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा घेणारी संघटना) काढणाऱ्या बिलच्या बायकोची गोष्ट कळली, लोइसची. नवऱ्याची दारू सुटलेली, मीटिंगला चल म्हणाला तर हिनं त्याच्यावर बूट फेकून मारला! इतकी वर्षं हिनं जिवाचं रान केलं आणि नवरा सुधारला ते परक्या लोकांमुळं, म्हणून जळफळाट. पुढं 1951 मध्ये तिनंच अल-अॅनॉन सुरू केलं, घरच्यांसाठी. मला तो बूट फार पटला.

यंदा सोलापूरच्या गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. पोरं पाळण्यात, हे भेळ आणतो म्हणून गेले ते वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही, गर्दीत फोन लागेना, आणि मी होम मैदानावर उभ्या उभ्या माहेरी जायची बॅगसुद्धा भरून टाकली मनात. आले तर हातात चार पुड्या. मी नुसती बघत राहिले.

"काय बघलालीस? घे की वास," म्हणत तोंड पुढं केलं, "कांद्याचा येतोय फक्त."

पोरं हसली. मला हसू पण येईना आणि रडू पण.

एटीएम कार्ड इतके दिवस माझ्याकडंच होतं, मागच्या सोमवारी परत दिलं. यांनी पाचशे काढले आणि मी विचारायच्या आधीच स्वतःहून स्लिप फ्रिजवर चिकटवली. (मीटिंगमध्ये परत पिण्याला पण स्लिपच म्हणतात, त्यामुळं शब्द ऐकला की अजून धस्स होतं.) रात्री मी ती बघितली नाही. म्हणजे बघितली, पण सकाळी, हे कामावर गेल्यावर.