गाडी पसंत आहे, पण चार्ज कुठे करायची?

आज मैत्रिणीसोबत तिच्या इमारतीचे तळघर पाहिले. तिला इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे आणि गाडीही पसंत पडली आहे. प्रश्न आहे तो ती रोज रात्री चार्जिंगला लावायची कुठे, हा. तिची पार्किंगची जागा मीटरच्या खोलीपासून अगदी दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथवर केबल न्यायची तर इतर रहिवाशांची संमती लागेल. शिवाय ती भाड्याने राहते, म्हणजे घरमालकाचीही परवानगी हवी.

स्वतःचे अंगण असलेल्याला हा अडथळा जाणवतही नाही. २३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या जोडणीतून साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते; तिच्यावर ४० किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरी साधारण १२ तासांत भरते, आणि रोजच्या जाण्यायेण्याला तर रात्रीचे तीन-चार तास पुरतात. ज्याला ही सोय नाही त्याने सार्वजनिक केंद्रावर विसंबायचे, जिथे जलद चार्जिंगचा दर बहुधा घरच्या विजेपेक्षा चढा असतो. परतताना असेच एक केंद्र पाहिले: एका यंत्राचा पडदा काळाठिक्कर, दुसऱ्यासमोर पेट्रोलची गाडी उभी.

इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीबद्दल पुष्कळ बोलले जाते, आणि तो अडथळा खराच आहे. पण इमारत बांधतानाच प्रत्येक जागेपर्यंत केबलची नळी टाकणे हे नंतर फरशी फोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि ते सर्वत्र सक्तीचे असायला हवे, असे मला मनापासून वाटते. घरमालकाला द्यायच्या पत्राचा मसुदा आम्ही आजच केला.