क्रुक ऑफ ल्यून: धुकं उचललं गेलं!

लिफ्टिंग, म्हणजे वाळलेला रंग ओला करून कागदावरून उचलणं, जमलं! इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘क्रुक ऑफ ल्यून’ (ल्यून नदीचं वळण) या जलरंगचित्राची नक्कल चालू आहे; त्यातल्या दरीतलं धुकं अखेर माझ्याही कागदावर उजळलं, आणि खालचा पृष्ठभाग शाबूत आहे.

आधी टाकलेले फसलेल्या प्रयत्नाचे फोटो आठवत असतील. दरीच्या मधोमध ओला ब्रश फिरवला की तंतू उसवून गोळ्या निघत आणि पुढचा ग्लेझ (पातळ, पारदर्शक रंगाचा थर) तिथे काळपट डाग धरत असे. कागद १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). पण दुकानात दमट हवेत पडून साइझिंग (कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप) मेलेलं. पावसाळ्यात कागद घेताना कोपऱ्यावर थेंब टाकून बघाच.

टर्नरचा कागद जिलेटिनने कडक केलेला असे, म्हणून तो इतका रगडा सोसायचा. त्याच्या काळातला चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन याच्या डायरीत टर्नरची रीत आहे: उजेड हवा तिथे ओला ब्रश, मग टिपकागदाने रंग उचलायचा, मग पावाच्या चुऱ्याने जागा साफ करायची. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात टर्नर इंग्लंडच्या उत्तरेत हिंडला, त्या भटकंतीतलं हे चित्र. तो ओला उजेड मला हवाच होता.

म्हणून साइझिंग घरीच केलं. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम जिलेटिन. आधी थंड पाण्यात फुगवलं, मग गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवलं. उकळू द्यायचं नाही, ताकद जाते. कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात, पंख्याखाली वाळवणं, मग पुरतं मुरू देणं. तुरटी टाळली; कागदात आम्ल नको.

आता अल्ट्रामरीन (निळा) आणि लाइट रेड (विटकरी) मिसळून केलेला राखाडी जवळजवळ पांढऱ्यापर्यंत उचलला जातो! शिळ्या पावाने येणारी मऊ कड मेलामाइन स्पंजला जमत नाही. ट्यूबमधलं इंडिगो घेताना पिगमेंट नंबर (रंगद्रव्याचा क्रमांक) वाचा. पीबी१५ (थॅलो निळा) असेल तर ते कागदात रुततं, मग लिफ्टिंग विसरा.

पूर्ण चित्राचा बेत आकाशापासून सुरुवात करायचा होता. लिहितालिहिता वाटतंय, उलट करावं: सगळीकडे एकच उबदार वॉश (पाणीदार रंगाचा सपाट हात), त्यातून दरी आधी उचलायची, आकाशाचा निळा नंतर. पाण्यावरची चमक शेवटी खरवडून. त्यासाठी गोल धारेचं सर्जिकल ब्लेड उत्तम, कटरचं टोक कागद चिरतं.

उरलेलं जिलेटिन फ्रिजमध्ये थिजलंय. पुन्हा कोमट करून वापरलं तर पकड तेवढीच राहते का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, अजून दोन शीट बाकी आहेत.