टुक

आवाज नेमका कधी सुरू झाला ते आठवत नाही. एक दिवस वळणावर खालून काहीतरी वाजलं आणि मग ते वाजतच राहिलं. गाडी पंचवीस वर्षांची, दोनच सीटची, जमिनीला इतकी टेकलेली की उतरताना आधी गुडघे बोलतात. अशा गाडीत आवाज येणारच असं लोक म्हणतात आणि ते खोटं पण नाही, स्प्रिंगा कडक, आवाज अडवायला आत फारसं काही भरलेलं नाही, रबराचं म्हणाल तर ते गाडी फिरो न फिरो, वयानेच कडक होतं. पण येणारच म्हणून सोडून देता येत नाही ना. एकदा का तो कानात बसला की इंजिन ऐकू येत नाही, गाणं ऐकू येत नाही, शेजारचं माणूस काय सांगतंय ते ऐकू येत नाही, फक्त पुढचा खड्डा दिसतो आणि आपण दम धरून बसतो, आता येईल, आता येईल, आला.

शेजारच्याला मात्र तो कधीच ऐकू येत नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, "कुठला? हा तर सगळाच आवाज आहे."

मेकॅनिककडे गेलो आणि सांगितलं, खडखड येते. तो म्हणाला शॉकअप गेले असतील. पुढचे दोन्ही बदलले, जुन्यांना तेल सुटलेलं होतंच त्यामुळे पैसे वाया गेले असं काही नाही, पण आवाज जागच्या जागी. मग लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यात बसणाऱ्या, रबर भरलेल्या नळ्या. ते मी घरीच केले, आणि तिथे एक गोष्ट कळली, की बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचा आवळायचा नसतो. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळलं जातं. चाक हवेत असताना आवळलं तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, पोटावर सरपटत खाली शिरून आवळायचं. एवढं सगळं साग्रसंगीत केलं, हात धुतले, चक्कर मारली. आवाज आहेच.

त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की चूक माझ्या शब्दात आहे. खडखड म्हणजे काय, डब्यात खिळे हलवल्यासारखं, एकामागोमाग एक. माझा आवाज तसा नव्हताच मुळी. मराठीत आवाजांना शब्द कमी नाहीत, आपणच आळशीपणा करतो आणि सगळ्याला खडखड म्हणून मोकळे होतो. कुईकुई असेल तर कोरडं रबर, त्यावर पाणी मारून बघायचं, थोडा वेळ गप्प बसलं तर तेच. खुळखुळ असेल तर ब्रेक पॅडवर संशय, ब्रेकवर पाय नुसता टेकवला आणि खुळखुळ थांबली तर पॅडच सैल बसलेत. घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर व्हील बेअरिंग. धप्प असेल तर शॉकअपच्या डोक्यावरचं रबर, ते पायाखालच्या पत्र्यात पण जाणवतं. आणि माझा? मी काच खाली करून एका लांबलचक भिंतीच्या कडेने गाडी चालवली, भिंत आवाज परत कानावर फेकते म्हणून, आणि नीट ऐकलं. टुक. एकच. कोरडा, धातूवर धातू. मागे घुमणं नाही, काही नाही. टुक.

टुक म्हणजे कुठेतरी थोडीशी मोकळीक आहे आणि लोखंड एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतंय. आता कुठे, एवढंच शोधायचं होतं. स्पीडब्रेकरवर सरळ, दोन्ही चाकं एकदम चढवली तर शांतता. तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला, एक चाक आधी एक नंतर, की टुक. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर अँटी रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, नुसता जागच्या जागी फिरतो, तिरकं घेतलं की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो पीळ जातो दोन टोकांच्या लिंकमधून, बारला चाकांशी जोडणाऱ्या छोट्या दांड्यांमधून. हा बार काही नवीन प्रकार नाही, १९१९ सालीच कॅनडातल्या एकाने पेटंट घेतलं होतं. म्हणजे हा टुक पण बराच जुना असणार, माझ्याआधी किती जणांचं डोकं खाऊन आलेला.

गंमत अशी की लिंक मी आधी दोनदा तपासली होती. जॅकवर एक चाक उचललं, लिंक धरून हलवली, ढिम्म. हलणार कशी, एक चाक खाली लोंबतंय, दुसरं जमिनीवर, म्हणजे बारला पीळ बसलेला आणि लिंक ताणून घट्ट. चोर घरात आणि मी दार बाहेरून ओढून धरलेलं. या वेळी दोन्ही लिंक सरळ काढूनच टाकल्या, बार बांधून ठेवला आणि अगदी हळू चक्कर मारली. वळणावर गाडी होडीसारखी कलत होती, पण आवाज? नाही. परत तोच तिरका स्पीडब्रेकर. नाही! एकटाच हसलो.

मग ओट्यावर दोन्ही लिंक शेजारी ठेवल्या. डावीच्या टोकाची पिन बोटाने उभी केली तर उभीच राहिली, हलवायला जोर लागत होता. उजवीची उभी केली आणि सोडली तर मान टाकून पडली. आणि मी इतके महिने शपथेवर सांगत होतो की आवाज डावीकडून येतो! आवाज पत्र्यातून कुठून कुठे फिरतो आणि आपण कानावर विश्वास ठेवून बसतो. मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हीच खडखड म्हणाला होतात." बरोबरच आहे त्याचं.

नवीन लिंक जोडीने बसवल्या. जुन्यातली डावी टाकून दिली. उजवी का कोण जाणे टाकवली नाही, ती पान्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा बायको स्क्रू ड्रायव्हर शोधत होती, तिने ड्रॉवर ओढला आणि आतून आलं, टुक. ती म्हणाली, "हा कुठला आवाज?"