तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये पेटी-तबला कसा काय?

नाताळात कोल्हापुरातला कुणी मित्र पहिल्यांदा आमच्या चर्चला आला की बाहेर पडताना हमखास विचारतो, अरे हे तर भजन झालं की, मला वाटलं इंग्लिशमध्ये असेल. आता गिटार पण आहे म्हणा, पोरांनी आणलीय, पण पेटी आधीची.

आमची आजी शाळेत गेलेली नव्हती. तिच्याकडे उपासना संगीतचं, म्हणजे चर्चमधल्या मराठी गाण्यांचं, पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, ते उघडून हातात धरायची आणि मोठ्यानं म्हणायची, मला वाटायचं वाचतीय. एकदा डोकावून बघितलं तर पान भलतंच, गाणं भलतंच! सगळं पाठ. म्हणजे तिच्यापर्यंत जे पोचलं ते कानातनंच.

जुन्या काळी युरोपात तरी काय वेगळं होतं, उपासना लॅटिनमध्ये आणि बहुतेकांना वाचता येत नाही. इ.स. ६०० च्या आसपास एक बिशप चर्चमधली चित्रं फोडत सुटला, तर पोप ग्रेगरीनं त्याला कळवलं, बाबा, ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर बघून वाचतात. पुढं छपाई आली, जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं १५२२ ला बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला, आणि त्यानंही लोकांच्या भाषेत गाणी रचलीच.

आपल्याकडं तर कमालच. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा जेझुइट संघाचा पाद्री, गोव्यात राहून मराठी शिकला आणि ख्रिस्ताची गोष्ट ओवीत लिहिली, जवळजवळ ११ हजार ओव्या! १६१६ ला राचोलला ते ख्रिस्तपुराण छापलं, तेही रोमन लिपीत. आणि त्याच गोव्यात १६८४ ला पोर्तुगीज सरकारचं फर्मान, स्थानिक भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. आता काय बोलायचं.

कोल्हापुरात १८५२ ला अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले, शाळा काढल्या. पण आजीच्या तोंडी बसली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी. हा माणूस मुळातच कवी आणि कीर्तनकार, ख्रिस्ती झाल्यावर त्यानं अभंग सोडला नाही, उलट चर्चमध्ये आणला, आणि अभंग म्हटला की पेटी-तबला आलाच. माझ्या मते शंभर प्रवचनांपेक्षा ते जास्त लागू पडलं (पाळकसाहेब, माफ करा).

आता संदेश, म्हणजे प्रवचन, व्हॉट्सॲपवर येतो, निम्म्या वेळा मी ऐकत नाही, आणि गाणी प्रोजेक्टरवर. मध्ये एका रविवारी लाइट गेली, स्क्रीन काळी, गिटारवाली पोरं गप्प, आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका दुसऱ्या कडव्यावर पोचल्या पण होत्या.