तुम्ही विचारलंत म्हणून : डोंगरातला वयस्क नर आणि वीस यार्डांचे अंतर

नोव्हेंबर सरला की महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आणि घरच्या फोनवर मला हमखास एक प्रश्न येतो : एवढे महागडे धनुष्य, अंतर मोजणारे यंत्र, मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे, इतके सगळे हाताशी असताना मोठ्या शिंगांचा तो हरणाचा नर तुला मिळत का नाही, आणि मिळत नसेल तर सरळ बंदूक का घेत नाहीस? प्रश्न रास्त आहे. धनुष्याचा त्यात फारसा दोष नाही. डोंगरातली हवा त्या नराच्या बाजूने असते, आणि धनुष्य घेऊन जाणाऱ्याला त्या हवेच्या आत शिरावे लागते. बंदूकवाला समोरच्या डोंगराच्या धारेवर बसून दोनशे यार्डांवरून नेम धरू शकतो आणि मधल्या दरीत हवा कशीही फिरली तरी त्याचे सहसा बिघडत नाही. मला वीस यार्डांच्या आत हवा तो, आणि तेही त्याला माझा वास लागण्याआधी.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांची शिकार हा गुन्हा आहे, हे आधीच सांगते. मी लिहिते आहे ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या, परवाना काढून ठरलेल्या हंगामात होणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीबद्दल. इथे धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो.

राज्याच्या नैर्ऋत्य भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा मुलूख घासून काढला, हा तुकडा मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटला, त्यामुळे किकापू नदीच्या परिसरात अजूनही तीव्र उताराचे डोंगर आणि अरुंद दऱ्या आहेत. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला धारेपासून ओढ्यापर्यंतची ही चारपाचशे फुटांची उतरण किरकोळ वाटेल. पण इथली रचना वेगळी आहे. माथे बरेचसे सपाट आणि पिकाऊ असतात, त्यांवर मका, सोयाबीन, अल्फाल्फा म्हणजे लसूणघास. उतारावर ओक, हिकरी आणि मेपलचे रान. तळाला पुन्हा कुरण आणि ओढा. म्हणजे खाणे वरही आहे आणि खालीही, आणि हरणांची बसायची जागा मधल्या उतारावर.

वयस्क नर म्हणजे साधारण चार वर्षांपुढचा. शिंगे दर वर्षी गळून नवी येत असल्याने केवळ त्यांवरून वय ठरवता येत नाही. छातीची खोली, मानेची जाडी, पोटाचा खाली लोंबणारा घेर पाहावा लागतो. असा नर वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर, धारेच्या जरासे खाली, वरच्या तिसऱ्या हिश्शात बसतो, आणि तिथून डोंगराची एखादी सोंड पुढे निघाली असेल तर तिच्या टोकाशी बसणे त्याला जास्त पसंत असते. धार ओलांडून येणारा वारा त्याला पाठीमागचा वास आणून देतो, समोरचा उतार डोळ्यांखाली असतो, आणि ऊन चढले की दरीतून वर येणारी हवा खालची बातमी पोहोचवते. तीन बाजूंचा पहारा त्याला बसल्या जागी मिळतो. शिकाऱ्याला चांगली वाटणारी जागा बहुतेक वेळा त्या पहाऱ्याच्या आतच असते.

डोंगरात एकाच दिवशी दोन वारे वाहतात. एक हवामानखात्याने सांगितलेला, आणि दुसरा उताराचा स्वतःचा. पहाटे थंड, जड हवा घळींमधून खाली सरकत असते. सूर्य वर आला की तापलेल्या उतारालगतची हवा वर चढू लागते; पूर्वेकडचा उतार आधी जागा होतो, पश्चिमेकडचा दुपारी, आणि उत्तरेकडचा नोव्हेंबरात जवळजवळ जागाच होत नाही. संध्याकाळी सावली पसरली की सगळे उलटते. ढगाळ दिवशी हा खेळ मंदावतो आणि नकाशातला वारा बराचसा खरा ठरतो, म्हणून काही शिकारी ढगाळ दिवसच निवडतात. मीही त्यांच्यातलीच.

माथ्यावरच्या मक्याच्या कडेला संध्याकाळी बसायचा मोह प्रत्येक नवख्याला होतो, कारण हरणे उतारावरून चढून त्या मक्यात येणार हे उघड असते. चार वाजता वारा तोंडावर येत असतो, सगळे ठीक वाटते. सूर्य पलीकडच्या धारेमागे गेला की हवा गार होते, जड होते, आणि तुमचा वास घेऊन त्याच उतारावरून खाली निघते, ज्या उतारावरून हरणे वर येत असतात. मादी एखादे वेळी थबकून पाय आपटते, फुत्कारते, तेव्हा निदान काय घडले ते कळते. वयस्क नर आवाजही करत नाही. तो आला होता हेच तुम्हाला कळत नाही, आणि त्यानंतर कित्येक दिवस तो त्या शेताकडे उजेडात फिरकत नाही.

हवा पाहण्यासाठी पावडरची बाटली मिळते, पण ती पावडर हातभर अंतरावर विरून जाते. त्यापेक्षा मिल्कवीडच्या शेंगांतला कापूस कितीतरी चांगला. ही वनस्पती आपल्याकडच्या रुईच्या नात्यातली; लहानपणी आपण म्हातारी म्हणून फुंकर मारून उडवायचो, तसलेच तिचे रेशमी तंतू असतात. एक तंतू सोडावा आणि दिसेनासा होईपर्यंत नजर हलवू नये. तो उताराने दहा पावले खाली जातो, ओकच्या एका खोडापाशी अडतो, तिथे हळूहळू वर चढतो आणि पाहता पाहता तुमच्याच डोक्यावरून मागे धारेकडे निघून जातो. आडोशाच्या बाजूला धार ओलांडणारा वारा असा भोवरा खातो, आणि तो भोवरा कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे नकाशावर कळत नाही. मी दर वर्षी शेंगा गोळा करून ठेवते, आणि हंगामाआधी जागा निवडण्याचे माझे निम्मे काम हे तंतू सोडत फिरण्याचेच असते.

जागा सापडली तरी तिथे पोहोचायचे कसे हा प्रश्न उरतोच. पहाटे हरणे माथ्यावरच्या शेतात चरत असतील तर वरून उतरणे म्हणजे त्यांच्यातूनच जाणे. अशा वेळी ओढ्याच्या पाण्यातून चालत जाऊन खालून चढावे : अंधारात हवा खाली वाहत असते, वास दरीत राहतो, आणि पाण्याच्या आवाजात पावले लपतात. पण हरणे तळातल्या कुरणात असतील तर हीच वाट सर्वांत वाईट. शिवाय चढून घाम आला की अंगाचा वास लपवण्यासाठी केलेले कपड्यांचे सगळे सोपस्कार व्यर्थ, म्हणून मी जाकीट पाठीवर बांधून हळू चढते आणि वर पोहोचल्यावर घालते.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात उपयोगाचा, कारण तेव्हा माजावर आलेला नर दिवसाही फिरतो. तो धारेवरून चालत नाही. आडोशाच्या बाजूने, थोडे खालून, माद्यांच्या बसायच्या जागांचा वास घेत जातो. जिथे धार खाली वाकून खिंड होते, किंवा जिथे घळीचे वरचे तोंड इतके खडे असते की त्याला वळसा घालावाच लागतो, तिथे त्याची वाट आवळली जाते. अशीच जागा धनुष्याच्या टप्प्यात येते.

आता नेमाचे. मचाण झाडावर वीस फूट उंच बांधले तरी तीव्र उतारावर ती उंची फसवी असते. वरच्या बाजूने येणारा नर डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि तुमची बारीक हालचालही टिपतो. खालच्या बाजूचा नर तीस-चाळीस फूट खाली असतो. बाण किती खाली येईल हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरते, म्हणून तीस अंशांच्या उतारावर तीस यार्ड दिसणारे अंतर नेमासाठी सव्वीस यार्डच धरावे लागते. हल्लीची यंत्रे हा हिशेब स्वतः करतात. यंत्र ज्याचा हिशेब करत नाही ती गोष्ट म्हणजे बाण शरीरात शिरण्याचा कोन : बाण खूप वरून शिरला तर एकच फुफ्फुस भेदून बाहेर पडतो, आणि तसे जखमी झालेले हरीण फार दूर जाते. म्हणून बाण कुठे शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल याचा विचार करून नेम धरायचा, आणि दोन्ही फुफ्फुसे वाटेत येत नसतील तर दोरी सोडायचीच नाही. आडव्या उतारावर डोळा उतारालाच सपाट समजू लागतो आणि धनुष्य नकळत कलते. त्यासाठी नेमपट्टीवर गवंड्याच्या पाणसळीसारखा एक बुडबुडा बसवलेला असतो. दोरी ओढल्यावर त्या बुडबुड्याकडे पाहण्याची सवय लागायला मला बराच काळ गेला.

एवढे जमले तरी हरीण जागचे हलू शकते. माझा बाण सेकंदाला सुमारे २८० फूट जातो, आवाज अकराशे फूट. तीस यार्डांवर बाण पोहोचायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात आणि दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात पोहोचतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि बाण वरून जातो किंवा भलत्याच ठिकाणी लागतो. वीस यार्डांची मर्यादा मी पाळते ती यामुळे, आणि कान टवकारून उभ्या असलेल्या नरावर मी त्या अंतरातही बाण सोडत नाही.

बाण लागल्यावर लगेच उतरायचे नसते. पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस, आणि हरीण जवळच असते. गडद रक्त असेल तर यकृत, आणि काही तास थांबावे लागते. बाणाला हिरवट घाण लागली असेल तर रात्रभर. मग दोरीने ओढत ते धुड धारेवर आणायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंदणी करावी लागते. हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा जीवघेणा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला, त्यामुळे मी नमुना तपासणीला देते आणि निकाल येईपर्यंत मांस शिजवत नाही.

राहिला बंदुकीचा प्रश्न. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि तेव्हा मीही भडक नारिंगी जाकीट घालून जाते. फ्रीझरमधले मांस बहुधा त्याच दिवसांतल्या एखाद्या मादीचे असते. पण त्या आठवड्यात बहुतेक धारांवर कोणी ना कोणी बसलेले असते, हरणे माणसांच्या वर्दळीने इकडून तिकडे पळतात, आणि उन्हाळ्यापासून जमवलेला हवेचा हिशेब फारसा कामाला येत नाही. वयस्क नर तेव्हा एखाद्या काटेरी जाळीत दबून राहतो. त्याच्यासाठी मी पुन्हा डिसेंबरात, धनुष्य घेऊनच जाते.